तळ्यात उतरलेलं खत

बादली भरली की मी तिच्यात बघत नाय. सून हसते, म्हनते, "आई, पान्यात काय भूत हाय?" हाय बये, भूतच हाय. पन तिला सांगायची हिंमत होत नाय, म्हनून मीच हसन्यावारी नेते.

आठ वर्सांमागची गोष्ट. नव्या शहरासाठी आमच्या बोनकोड्याच्या शेतांना नोटिसा लागल्या होत्या. माझा नवरा शिवराम तेव्हा पावने गावातल्या कारखान्यात कामाला जायचा. तो म्हनाला, "शेवटचं पीक हाय, भरघोस काढू." आमी भाताच्या खाचरात युरिया टाकला, नेहमीच्या दुप्पट. सासूची शिस्त होती, खत टाकलं की तीन दिवस बांधाला हात लावायचा नाय, पानी कोंडून ठेवायचं. दुसऱ्याच दिवशी वादळ उठलं. असला पाऊस, की समोरचा मानूस दिसंना! रोपं बुडायला लागली. शिवराम कामावर. मी फावडं घेतलं आनि बांध फोडला. मेली अक्कल कुठं गेली होती कोन जाने! खाचरातलं सगळं पानी भसाभस गावच्या तळ्यात उतरलं.

संध्याकाळी शिवरामनं विचारलं, "बांध कोनी फोडला?"

"पान्यानं," मी म्हनाले.

त्या तळ्यात गावानं जत्रेसाठी जिताडे सोडले होते. तीन वर्सं वाढवलेले, हातभर लांब मासे. जत्रेला घरटी एक तुकडा, असा रिवाज. शेजारची पुतळा त्यांना रोज खायला घालायची. नवरा गेलेला, पोरबाळ नाय. काठावर बसून माशांशी बोलायची बिचारी. दुसरं होतं कोन तिला!

आठ दिवसांत तळं हिरवं झालं. पयला हिरवा पट्टा आमच्या फोडलेल्या बांधासमोरच धरला. मग एका सकाळी सगळे जिताडे वर आले, तोंडं वासून, हवेसाठी तडफडत. दुपारपर्यंत नुसती पांढरी पोटं. शेतकीचा साहेब मागं एकदा सांगून गेला होता, खत तळ्यात गेलं की शेवाळ माजतं आनि मासळी गुदमरते. हे माझ्याच बांधाचं पानी, मला कळून चुकलं.

गावानं भगत बोलावला. त्यानं तांदूळ टाकून बघितले आनि म्हनाला, "काठावर एकली बसते तिची नजर." झालं! विहिरीवर पुतळाला घागर लावू देईनात. बाया तिला बघून पोरं घरात ओढायच्या. कोनी तर तोंडावर चेटकीन म्हनालं. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगून टाकते. मग वाटायचं, गाव माझ्यावर उलटंल, नवरा घराबाहेर काढील. भ्याले मी, दुसरं काय! आमचं भात मात्र वाचलं होतं.

महिन्यानं पुतळा बोचकं घेऊन आमच्या दारात आली. म्हनाली, माहेरी चालले. माहेरी तिचं कोनी उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हटलं, आता तरी सांगावं.

"पुतळे, ऐक गं..."

तिनं माझे दोन्ही हात धरले. "काय बोलू नको, वयनी. सगळं गाव तोंडाला येईल ते बोललं. तू एकलीच गप ऱ्हायलीस. तुला मी मरेपर्यंत विसरनार नाय."

ती वाकली, माझ्या पाया पडली. आनि मी पडू दिलं.