माझ्यात कोणी निजू नये

मित्रांनो, मी एक विकाऊ बंगला आहे. जुनाही आहे, पण तसं म्हटलेलं माझ्या मालकांना खपत नाही. डहाणूहून तलासरीकडे जाताना चिकूची वाडी संपते, तिथे लोखंडी फाटकाआड मी उभा आहे. फाटकाला कुलूप आहे, तेव्हा तुम्ही बाहेरूनच ऐका.

मला बांधलं बोर्डीच्या गोविंदरावांनी. काळा दगड, सागाचे वासे, वर मंगळुरी कौलं. चिकूच्या हंगामात ते इथे मुक्कामाला यायचे आणि असे घोरायचे, की वाशांवरची कबुतरं उडून जायची. माणूस आत निजला की घराला जो जीव येतो ना, तो रंगरंगोटीने येत नाही बरं! गोविंदराव गेले, मुलं मुंबईला गेली. पुढे कितीतरी वर्षं माझ्यात फक्त वटवाघळं राहिली.

२०१४ साली मुंबईच्या जतीनशेठ आणि सोनलभाभींनी मला विकत घेतलं. खोटं कशाला बोलू, लाड फार केले त्यांनी. कौलं बदलली, वाशांना तेल पाजलं आणि दिवाणखान्याला वेलबुट्टीचं पांढरंशुभ्र गिलाव्याचं छत केलं. समोरची चिकूची झाडं काढून हिरवळ लावली, मधोमध कारंजं बसवलं. बघणारा म्हणायचा, "वा, काय बंगला आहे!" आणि मी फुगायचो. पण शेठ-भाभी यायचे महिन्यातल्या एखाद्या शनिवारी, आणि रविवारी परत निघायचे.

राखणीला पाड्यावरचा लाहू होता. तो, त्याची बायको रूपी आणि लेक काळी, तिघं मागच्या बाजूला कारवीच्या कुडाच्या खोपटात राहायची. मला झाडायची, पुसायची, पण आत निजायची त्यांना परवानगी नव्हती. काळी व्हरांड्याच्या पायरीवर बसून आत डोकवायची.

"आये, यात कोन निजतं?"

"कोनी नाय," रूपी म्हणायची.

मला वाटायचं, अगं, ये ना आत! एवढ्या मोठ्या छताखाली एक पोर जड झालं असतं का मला?

मग २०१८चा नोव्हेंबर आला आणि भुई हलू लागली. खालून गडगडल्यासारखा आवाज यायचा, भांडी वाजायची, कुत्री भुंकत सुटायची. पाड्यावरची माणसं थंडीत उघड्यावर निजू लागली. लाहूचं खोपट झुलायचं आणि पुन्हा उभं राहायचं. मी पडलो दगडाचा. मला झुलता येत नाही, नुसतं तडकता येतं. दिवाणखान्याच्या छताला मधोमध भेग पडली. शेठनी तिच्यात पुट्टी भरून वर रंग मारून घेतला आणि फाटकावर 'विकणे आहे'ची पाटी लावली.

गिऱ्हाइकं यायची, भूकंपाचं नाव काढायची आणि जायची. तेव्हा शेठना युक्ती सुचली.

"लाहू, आजपासून तुम्ही तिघं दिवाणखान्यात झोपायचं. लोकांना दिसू दे, बंगल्यात माणसं बिनधास्त राहतात."

"शेठ, आमी खोपटातच बरं हाव."

"मग मी दुसरा माणूस बघतो."

लाहूचा नाइलाज झाला.

ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते घडलं, मित्रांनो, पण असं घडलं! काळी नाचत आत आली. तिने गोधडी पसरली ती नेमकी भेगेखाली, आणि लगेच झोपलीसुद्धा. रूपी मात्र छताकडे बघत जागी राहिली. रंगाआड भेग रुंद होत होती, हे मला आतून कळत होतं. तोंड असतं तर ओरडलो असतो, "उठा, पळा!" पण घराला तोंड कुठलं? दारं असतात, आणि ती माणसांनी उघडायची असतात.

रविवारी एक जोडपं आपल्या दोन लहान मुलींना घेऊन मला बघायला आलं. शेठनी कोपऱ्यातल्या गोधड्या दाखवल्या. "बघा, आमचा राखणदार बायकोमुलीसह इथेच झोपतो. काय रूपी?"

पाहुण्या बाईंनी विचारलं, "खरंच? भीती नाही वाटत?"

लाहूने रूपीकडे पाहिलं. त्याची नोकरी त्या एका उत्तरावर टांगलेली होती.

रूपी म्हणाली, "निजतो ना, बाई. आजची रात तुमी पन निजा. शेठ हायेत, भाभी हायेत. मी सगल्यांना भाकर करते. हितंच गोधड्या टाकू."

बाईंनी शेठकडे पाहिलं.

"आज नाही जमणार," शेठ म्हणाले. "मला संध्याकाळी मुंबईत काम आहे."

सोनलभाभी तर केव्हाच बाहेर हिरवळीवर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. बाईंनी दोन्ही मुलींचे हात धरले आणि त्या गाडीकडे चालू लागल्या.

त्याच संध्याकाळी शेठनी लाहूला कामावरून काढलं. तिघं पाड्यावर, लाहूच्या भावाच्या कुडाच्या घरात गेली. काळी फाटकाला धरून रडत होती, "माजं घर, माजं घर!" गोविंदरावांनंतर मला कोणी असं म्हटलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात एका पहाटे मोठा धक्का बसला आणि माझं वेलबुट्टीचं छत कोसळलं. काळीची गोधडी जिथे असायची, बरोबर तिथेच. धुरळा खाली बसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग मी पाहिलं, पुन्हा पाहिलं. खाली कोणी नव्हतं. जन्मभर रिकामेपणाला शिव्या दिल्या मी, आणि त्या पहाटे रिकामा होतो म्हणून देवाचे आभार मानले.

लाहू आता चिकू तोडायला रोजंदारीवर जातो. माझी हिरवळ वाळली, कारंज्यात शेवाळ साचलं. शेठ म्हणे छत पुन्हा करून घेणार आहेत, आणि नवा राखणदार शोधताहेत. आत झोपायला तयार असलेला.

घरांची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. आमची पुष्कळ घेतात लोक. पण उद्या कोणी तुम्हाला एखादं देखणं घर दाखवून म्हणालं, "यात माणसं खुशाल झोपतात," तर माझ्यासाठी त्याला एवढंच विचारा: तुम्ही कुठे झोपता?