दरेकशाचा पोरगा

आमगावच्या पोराचे दात पुढे होते.

थर्मासच्या झाकणात चहा ओतला की एकच कप होतो. म्हणून पिशवीत स्टीलचे दोन कप.

तिरोड्याचा पोरगा खर्रा खायचा. उत्तर द्यायच्या आधी थुंकायला उठायचा.

निळ्या साडीतल्या मुलीचा फोटो. त्याच पिशवीत, प्लास्टिकच्या पाकिटात. पाकिटाला हळदीचं बोट लागलेलं.

राइस मिलमध्ये मशीनवर उभा राहणारा एक माणूस फार सुंदर शीळ घालतो. घरी कुणाला माहीत नाही, आणि मिलच्या आवाजात ती ऐकू जाणं शक्य नाही.

"मंग? याच्यात काय खोट निघाली?" उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या कुसुमबाईंनी विचारलं.

"उंची," सून अल्का चपला काढता काढता म्हणाली.

"कमी?"

"जास्त."

यांतला फोटो खरा होता, कप खरे होते, शीळ खरी होती. पोरगा मात्र एकही खरा नव्हता.

फोटोतली मुलगी रीता. अल्काची नणंद, शीळ घालणाऱ्या राजदीपची धाकटी बहीण. गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. हात इतका हलका, की लहान मुलंही सुई निघून गेल्यावर रडायचं का नाही याचा विचार करतात. वय तीस. दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. त्यानंतर कुसुमबाईंनी ठरवलं की आता आधी आपण पोरगा पाहायचा, घर पाहायचं, पटलं तरच त्यांना पोरगी दाखवायची. पाहायला जायचं दादा-वहिनीनं.

पहिला पोरगा खरा होता, सडक अर्जुनीचा. राजदीप आणि अल्का स्कूटरवरून पोचले तेव्हा कळलं, त्याचं आदल्याच दिवशी दुसरीकडं जमलं. पोराच्या वडलांनी चहा पाजला आणि माफी मागितली. परत निघाल्यावर राजदीपनं स्कूटर घराच्या रस्त्याला न लावता नवेगावबांधकडं वळवली. अल्कानं विचारलं, "इकडं कायले?" तो म्हणाला, "असंच." तळ्याच्या काठी दोघं संध्याकाळपर्यंत बसले. मुर्रा-फुटाणे खाल्ले. दिवसाउजेडी, दोघंच, कुणाचंही काही काम नसताना, असं ते लग्नानंतर पहिल्यांदाच बसले होते.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या त्यांच्या घरात खोल्या दोन. एकीत सासू आणि नणंद, दुसरीत बारावीतली चेतना पुस्तकं पसरून बसलेली, आणि तिची पुस्तकं संपली की उरलेल्या जागेत आईबाप. बाहेर जावं म्हटलं तर घरात बिनलग्नाची पोर असताना नवरा-बायकोनं नटून फिरायला निघायचं, हे त्या गल्लीत शोभत नाही. पण पोरगा पाहायला निघालं, की तीच गल्ली हात जोडून निरोप देते. कुसुमबाई स्वतः डबा भरून द्यायच्या.

म्हणून पुढच्या रविवारी स्कूटर स्टेशनावर ठेवून रेल्वेनं आमगाव. मग तिरोडा. मग गोरेगाव. असं दीड वर्ष.

अल्काला या रविवारांचं वेड लागलं ते एका कुतूहलापायी. घरी राजदीप गप्प असायचा. मिलमध्ये दिवसभर ओरडून बोलावं लागतं, घरी आला की तो भाताकडं आणि टीव्हीकडं सारख्याच नजरेनं पाहायचा. पाण्याचा ग्लासही त्याच्या हातात द्यावा लागायचा. पण गाव मागं पडलं की या माणसातून दुसराच कुणी बाहेर यायचा. मालगाडी गेली की डब्यांवरची अक्षरं वाचायचा. "हा डबा कुठला असन वं? एवढ्या दूरचं कोणी इथून जाते, आन् आपल्याले पाहत बी नाई." चहा झाला की नळ शोधून दोन्ही कप धुवायचा, रुमालानं पुसायचा. तिला विचारायचा, लहानपणी कशाची भीती वाटायची. ती सांगायची तेव्हा पुढं काय झालं ते विचारायचा. अंगणवाडीत पोरांचे सतराशे प्रश्न झेलणाऱ्या अल्काला स्वतःबद्दल कुणी प्रश्न विचारतो, याचीच सवय नव्हती. हा कोण आहे, असं वाटून ती दर रविवारी नव्यानं पाहत बसायची.

परतीच्या गाडीत दोघं मिळून पोरगा तयार करायचे. नाव, नोकरी, घर, आईबाप. आणि खोट. गोंदियाच्या अलीकडचं स्टेशन, आमगावच्या बाजूला गुदमा, येईपर्यंत खोट ठरलीच पाहिजे, असा नियम होता, कारण त्यानंतर गोंदिया आणि गोंदियानंतर उंबऱ्यातल्या कुसुमबाई.

दरेकशाहून परतताना अल्काला झोप लागली. राजदीपच्या खांद्यावर. त्यानं उठवलं नाही. गुदमा आलं आणि गेलं.

ती घरात शिरली ती अर्धवट झोपेत, आणि बिनखोटीचा पोरगा घेऊन.

"रेल्वेत हाये. पॉइंट्समन," ती म्हणाली. "क्वार्टर हाये. मागं जामाचं झाड लावलं त्यानं."

"बोलाले कसा?" कुसुमबाई.

"कमी बोलते. पण विचारते. मले म्हणे, थकल्या का. चहा त्यानंच पाजला, कप बी त्यानंच धुतले."

स्वयंपाकाच्या कोपऱ्यातला भांड्यांचा आवाज थांबला. रीता पिठाचे हात घेऊन बाहेर आली. आजवरच्या कुठल्याच पोरासाठी ती बाहेर आली नव्हती.

"स्वतः धुतले?"

"हाव."

"त्याची माय घरी नव्हती काय?"

"होती. तरी बी."

"नाव काय त्याचं?"

अल्कानं दाराकडं पाहिलं. राजदीप स्कूटर लावत होता. मागं न वळता तो म्हणाला, "वीरेंद्र." आणि मग घाईघाईनं, "पण दूर पडते ना दरेकसा."

"मी नागभीडहून आली इथं," कुसुमबाई म्हणाल्या. "मले कोणी विचारलं का, दूर पडते म्हणून?"

खोटं तिथंच थांबवायला हवं होतं. पण आठवडाभर रीता लॅबमधून आली की काहीतरी विचारायची, अगदी सहज, केस सोडता सोडता. क्वार्टरमध्ये उजेड येतो का. तो हसतो तेव्हा आवाज करतो की नुसता हसतो. अल्का उत्तरं द्यायची, आणि देताना तिच्या लक्षात यायचं की आपल्याला एकही उत्तर शोधावं लागत नाही. सगळी तयार आहेत. तो आवाज न करता हसतो. मालगाडीचे डबे वाचतो. शीळ घालतो.

"शीळ?" रीता हसली. "पॉइंट्समनले चालते काय शीळ?"

राजदीपला अल्कानं शनिवारी सांगितलं, "तुमची बहीण त्याच्यात गुतून राहिली." तो म्हणाला, "सांगू, बदली झाली म्हणून." त्याच वेळी रीता दारात आली. "उद्या मी बी येतो," ती म्हणाली. "मी दिवसभर लोकायच्या हातात सुया टोचतो. एक पोरगा पाहाले काय भ्याचं? आधी मी पाहीन. मंग त्यानं पाहावं."

कुसुमबाईंनी आधी डोळे मोठे केले आणि मग डबा तिघांचा भरला.

गाडीत रीता खिडकीशी बसली. पायात उंच टाचांच्या नव्या सँडल. अल्कानं ठरवलं, सालेकसा येईपर्यंत सांगायचं. सालेकसा आलं तेव्हा रीता विचारत होती, "वहिनी, त्याच्या मायले कोणती भाजी आवडते, विचारलं होतं का तुमी?" पुढं दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झालं, आणि सांगायला स्टेशनच उरलं नाही.

दरेकशाला उतरणारे थोडेच. मोळीवाल्या दोन बाया उतरल्या आणि पायवाटेनं गेल्या. फलाट खडीचा, रीताच्या टाचा रुतायला लागल्या. राजदीप स्टेशन मास्तरच्या खोलीपर्यंत गेला, दाराशी उभा राहिला, आत न जाता परत आला.

"बदली झाली म्हणते त्याची."

"कोण म्हणते?"

"आतले."

रीतानं त्याच्याकडं पाहिलं आणि ती स्वतः गेली. काचेपलीकडं ती आणि एक माणूस बोलताना दिसले. माणसानं मान हलवली. तिनं पुन्हा काही विचारलं. त्यानं पुन्हा मान हलवली, या वेळी थोडी समजुतीनं.

परत आली तेव्हा तिचा आवाज नेहमीचाच होता. "असा कोणी कधी नव्हता म्हणते. क्वार्टरमागं जामाचं झाड बी नाई."

राजदीप पायाखालची खडी पाहत होता. बोलायचं अल्काला होतं, आणि ती बोलली. सडक अर्जुनीपासून सुरू केलं. नवेगावबांध, दोन कप, गुदम्याचा नियम, सगळं. रीता बाकावर बसून ऐकत होती, अनोळखी गावाची वाट समजून घ्यावी तशी, मधे मधे विचारत.

"आमगावचा?"

"नाई."

"दातवाला तोच ना? मी बाई त्याची कीव करत होती." मग, "गोरेगावचा तरी?"

"नाई वं."

"दीड वर्ष, वहिनी. दीड वर्षात माहा फोटो बी एकानं पाहिला नाई, आन् मी समजो, पाहून पाहून सोडून राहिले."

अल्काला तोपर्यंत वाटायचं, आपण पोरं नाकारली. घरी बसलेल्या रीताच्या बाजूनं ते कसं दिसत असेल, हे इतकं सगळं विचारणाऱ्या त्या दोघांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"तुमी दोघं फिराले जातो म्हणून सांगतलं असतं," रीता म्हणाली, "तर मी मायले सांभाळलं असतं. कायले मले मधात घेतलं?"

"तुले लाज वाटन म्हणून," राजदीप म्हणाला.

"मले? मले कायले?"

तो वाकला. पिशवीतून थर्मास काढला, दोन कपांत चहा ओतून दोघींना दिला. त्या पिऊन होईपर्यंत उभा राहिला. मग रिकामे कप घेऊन फलाटावरच्या नळाकडं गेला, वाकून दोन्ही नीट धुतले, रुमालानं पुसले.

रीता बघत होती. सुरुवातीला नुसतीच, मग मान थोडी तिरकी करून.

"कप धुणारा हाच होय?"

"हाव," अल्का म्हणाली.

"आन् शीळ?"

"तो बी."

"थकल्या का विचारणारा?"

अल्कानं मान डोलावली.

"हा घरी पाणी बी हातानं घेत नाई," रीता म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते तिला नको होतं. डोळे पुसून ती पुन्हा भावाकडं पाहत राहिली.

परतीच्या गाडीला वेळ होता. राजदीप कप घेऊन आला पण बसला नाही. बाकावर तिघांची जागा होती.

"मायले सांगा, पोरगा चांगला होता," रीता म्हणाली. "मीच नाई म्हटलं. मले जंगलात राहाचं नाई. सांगान ना तसं?"

"सांगतो," राजदीप म्हणाला.

"आन् यापुढं माह्यासाठी कोणाले पाहू नका. मी पाहीन माह्यं. पुढच्या रविवारी निघसान तर फिराले चाललो म्हणून निघा. जमते का पाहा."

"माय काय म्हणन?"

"म्हणन बरंच. तुमाले दातवाल्या पोराचा बाप बी तयार करता आला, आता तिचं बी ऐकून घ्या."

मग तिनं सँडल काढल्या. दोन्ही एका हातात धरल्या आणि खडीवरून अनवाणी, जपून पाय टाकत, फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला चालत गेली. तिथं झाडाखाली एक दगड होता, त्यावर रुळांकडं तोंड करून, या दोघांकडं पाठ करून बसली. डोंगराकडून मालगाडी आली. राजदीपनं डब्यांवरची अक्षरं वाचली नाहीत. अल्कानं बाकावर थोडं सरकून त्याला जागा केली, आणि तो बसला.

एकोणीस वर्षांपूर्वी राजदीपसाठी अल्काला पाहायला जे चार जण तिच्या माहेरी गेले होते, त्यांत राजदीप नव्हता, त्याला मिलमधून सुट्टी मिळाली नव्हती; अकरा वर्षांची रीता गेली होती, आणि घरी येऊन 'हो' तिनंच सांगितलं होतं.