केशरबाईंच्या अंघोळीचं पाणी

मी एक जुना गिझर आहे. जुईनगरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, दाराच्या वरच्या भिंतीला टांगलेला आहे. मित्रांनो, तुम्हीही रोज माझ्यासारख्या कोणाच्या तरी खाली अंघोळ करत असाल. वर बघत नसाल. माझी त्याबद्दल तक्रार नाही. एक पांढरं पिंप आणि एक लाल दिवा, यात बघण्यासारखं काही नसतं.

माझा पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून आला. नावडे गावाजवळच्या एका शेडमध्ये तो वाकवला, जोडला आणि त्याला आतून काचेसारखा लेप दिला. शेवटी माझ्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी बसवली. झिजणं हेच तिचं काम. पाणी हळूहळू धातू खातं. कांडी असेपर्यंत ते कांडी खातं आणि टाकी वाचते. कांडी संपली की टाकीची पाळी येते. म्हणून मला अधूनमधून उघडायचं, गाळ काढायचा, कांडी बघायची. बसवायला आलेल्या माणसाने हे सगळं सांगितलं होतं. घरच्यांनी मान डोलावली होती. त्यानंतर मला कोणी उघडलं नाही.

मला आणलं सयाजीरावांनी. ते वाशीच्या बाजारात मुकादम. त्यांची आई केशरबाई साताऱ्याकडच्या. पहिल्या दिवशी त्यांनी बादलीत हात घातला आणि म्हणाल्या, "अगं जया, बंबात लाकडं सारता सारता माझा जलम गेला. आन् ह्याला नुसतं बटन व्हय?"

जया म्हणजे त्यांची सून, जयमाला. ती हसली होती.

दरवर्षी दसऱ्याला केशरबाई मला हळदकुंकू लावायला लावत. त्यांचा हात पोचत नसे, म्हणून सयाजीराव स्टुलावर चढत आणि माझ्या नळीला झेंडूचं फूल अडकवत. ती माझी चांगली वर्षं होती. गेल्या दसऱ्याला फूल आलं नाही. कोणाच्या लक्षात राहिलं नसावं.

पुढे केशरबाईंच्या हाताची जाणीव कमी झाली. एकदा पाणी किती गरम आहे ते त्यांना कळलंच नाही आणि मनगट भाजलं. सयाजीरावांनी त्याच दिवशी माझं तापमानाचं बटण फिरवून पार खाली आणलं. "आता चटका बसायचा नाही, आई," ते म्हणाले. त्यांनी ते काळजीपोटी केलं. बटण तसंच राहिलं.

उन्हाळा लागला. बाकी सगळे गार पाण्याने अंघोळ करू लागले. माझं पाणी एकट्या केशरबाईंसाठी निघे. उरलेलं पोटात कोमट पडून राही.

मित्रांनो, पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. त्यातल्या काहींना हवा लागत नाही. कोमट, साचलेलं, गाळ असलेलं पाणी त्यांना मानवतं. पाण्यातल्या क्षारांपासून ते एक वायू तयार करतात आणि मॅग्नेशियमची कांडी त्यांच्या कामाला हातभार लावते. त्या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो. कडक तापवलेल्या पाण्यात हे जिवाणू जगत नाहीत. माझं पाणी कडक तापत नव्हतं.

केशरबाई अंगावर पहिला तांब्या घेत आणि वास उठे. त्यांना वाटलं, वास आपल्याच अंगाचा आहे. म्हातारपणी असं होत असेल. त्या साबण दोनदा लावू लागल्या. शिकेकाई झाली, कडुलिंबाचा पाला झाला. जास्त धुवायचं म्हणून त्या जास्त पाणी घेत आणि वास वाढे. केस ओले असेपर्यंत तो त्यांच्याबरोबर बाहेर जाई.

जयमालाने बाथरूममध्ये फिनेल ओतलं, जाळी घासली. वास केशरबाईंच्या अंघोळीनंतरच येतो, हे तिच्याही लक्षात आलं. एकदा दार उघडं असताना ती सयाजीरावांना म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवा एकदा. आत्याबाई आल्या की कळतं."

"हळू बोल. ऐकू जाईल."

ऐकू गेलं होतं. केशरबाई बेसिनपाशीच होत्या. त्यांनी नळ बंद केला आणि गॅलरीत जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांची गादीही गॅलरीत गेली. त्यांनी स्वतःच नेली.

तशात त्यांची नात उन्नती बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. या घरातल्या प्रत्येक बाळाला केशरबाईंनी पाय पसरून, पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं. सयाजीरावांना, उन्नतीलासुद्धा. उन्नतीने पाट मांडला आणि हाक मारली, "आज्जी, चल. तुझं गिऱ्हाईक आलं बघ."

केशरबाई दारातच थांबल्या. "तुझ्या आईला सांग. माझ्या अंगाला घान येती."

"काय पण बोलतेस!"

"लेकराला लागंल, उन्ने. नगं."

जयमाला तिथेच होती. तिने बाळाला घेतलं. बाळासाठी पाणी गॅसवर उकळायचं ठरलं होतं, त्यामुळे माझं पाणी बाळापर्यंत कधी आलं नाही. केशरबाई रोज दाराबाहेर भिंतीला टेकून बसत आणि आतून बाळाचं रडणं ऐकत. मग एके दिवशी त्यांनी मुलाला सांगितलं, "सयाजी, मला गावाकडं सोड. ऐतवारी सोड."

सयाजीराव "बरं," म्हणाले.

शनिवारी पाइपच्या दुरुस्तीसाठी इमारतीचा गॅस बंद होता. जयमालाने मला चालू केलं आणि बाळाची बादली माझ्या नळाखाली धरली. बाळाला न्हाऊ घातलं, पंच्यात गुंडाळलं. उन्नतीने नेहमीसारखं त्याच्या जावळात नाक खुपसलं आणि झटकन मागे घेतलं.

"आई, हिला वास येतोय."

"कसला?"

"आज्जीचा."

जयमालाने गार पाण्याचा नळ सोडला, ओंजळ नाकाशी नेली. मग गरम पाण्याचा सोडला, पुन्हा ओंजळ नाकाशी नेली. ती तशीच उभी राहिली. पाणी तिच्या कोपरांवरून गळत होतं. मग तिने मान वर केली आणि किती तरी वर्षांनी माझ्याकडे बघितलं.

दुपारी दुरुस्तीवाला आला, जोतीराम. नळ सोडताच म्हणाला, "काकू, अंडी उकडायला टाकली काय आत? आतली मॅग्नेशियमची दांडी काढून टाकतो, वास खल्लास. टेन्शन नाय."

"आणि मग टाकी गंजली की?" उन्नतीने विचारलं. "दांडी उगाच ठेवतात का?"

"तुमी तर मास्तरीण निघाल्या." तो हसला. "मग दुसऱ्या धातूची टाकतो. ॲल्युमिनियम-जस्ताची. तिला वास कमी."

वीज बंद करून त्याने मला रिकामं केलं. आधी काळं पाणी आलं, मग गाळ. कांडीची नुसती तार उरली होती. गाळ धुतला, नवी कांडी बसवली, पाणी भरलं आणि बटण पार वर नेलं. काही तास मी कडक तापलो. त्या वेळात बाथरूमला बाहेरून कडी होती. ते सगळं पाणी सोडून दिलं, पुन्हा भरलं, पुन्हा तापवलं. शेवटी बटण साठ अंशांवर ठेवलं. "याच्या खाली आणू नका. गार पाणी मिसळून घ्या. आजीबाईंची बादली दुसऱ्याने बघून द्या," जोतीराम म्हणाला.

तुम्हाला वाटेल, मला बरं वाटलं असेल. मला तसं काही वाटत नाही. मी हलका झालो, एवढंच.

रविवारी सकाळी केशरबाईंची पिशवी दाराशी होती. जयमालाने बादली भरली, गार पाणी मिसळलं, कोपर बुडवून बघितलं आणि पाट मांडला.

"आत्याबाई, वास पाण्याला होता. गिझरला."

"काल सांगितलंस की."

"पाणी काढलंय. बसा."

"माझी गाडी हाय."

जयमालाने पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. ती माफ करा म्हणाली नाही. केशरबाईंनीही त्याची वाट बघितली नाही. त्या पाटावर बसल्या, लुगडं वर खोचलं, पाय पसरले. उन्नतीने बाळाला त्यांच्या पायांवर ठेवलं. पहिला तांब्या ओतण्याआधी त्या थांबल्या. वाकून पाण्याचा वास घेतला. मग बाळाचा. मग ओतलं.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. घरातल्या गिझरचं पाणी कोमट साचू देऊ नका. वर्षातून एकदा त्याला जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. आणि घरातल्या कोणाला वास येतो असं म्हणायच्या आधी नळ सोडून बघा. दोन्ही नळ.

केशरबाई गावाला गेल्या नाहीत. गादी गॅलरीतून आत आली. बाळाला आता त्याच न्हाऊ घालतात. पण स्वतःची अंघोळ झाली की त्या अजून तळहात नाकाशी नेतात. वास नसतो. त्या दुसरा तळहात नेतात. मग दार उघडतात.