आठपट शेवाळ

लातूरच्या एका महाविद्यालयातला मी म्हातारा सूक्ष्मदर्शक. मित्रांनो, माझी कहाणी सांगतो, पण गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. मी संतापलो आहे.

माझ्या नेत्रभिंगात बारीक मोजपट्टी आहे. तिच्यावर शेवाळाच्या पेशीची लांबी-रुंदी घ्यायची, पेशी गोल आहे की नळीसारखी ते ओळखायचे, त्यावरून आकारमान आणि आकारमानावरून वजन काढायचे. नुसत्या पेशी मोजून भागत नाही. दहा बोरे आणि दहा कलिंगडे वजनाला सारखी भरतील का? हे काम मी वर्षानुवर्षे चोख केले. सगळे माझे कौतुक करत.

गेल्या खंडेनवमीला विभागात यंत्रांची पूजा झाली. कुणीतरी हौसेने थेट माझ्या खालच्या भिंगालाच हळदकुंकू लावले, मग खरखरीत फडक्याने पुसले. भिंगावर ओरखडेच ओरखडे. महांतेश सरांनी कपाटातल्या बंद पडलेल्या सूक्ष्मदर्शकाचे भिंग काढून मला बसवले. ते निम्म्या ताकदीचे होते, म्हणजे वस्तू पहिल्याच्या निम्मीच मोठी दाखवणारे.

"सर, मोजपट्टी पुन्हा जुळवायची का?" त्यांच्या विद्यार्थिनीने, ऋतुजाने विचारले.

"भिंग बसलं ना? मग कशाला वेळ घालवायलीस?"

भिंग बदलले की पट्टी जुळवायची, हे वर्गात शिकवणारे हेच सर!

ऋतुजाची आई केवळाबाई औशाजवळ शेततळ्यात मासे पाळते. उन्हाळ्यात तळ्याचे पाणी हिरवेगार झाले. ऋतुजाने त्यातले शेवाळ आणून माझ्याखाली मोजले. प्रत्येक लांबी निम्मी भरली, आणि लांबी निम्मी धरली की आकारमान आठव्या हिश्श्यावर येते.

"शेवाळ कमीच हाय. आईला सांग, काळजी न्हाई," सर म्हणाले.

दाट शेवाळ रात्री पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. पंप लावून पाणी घुसळत ठेवले असते, तर मासे वाचले असते. केवळाबाई निर्धास्त झोपली. पहाटे तळ्यावर मेलेल्या माशांचा थर होता.

"ऊन लई हाय औंदा," सर म्हणाले. ऋतुजाने पट्टी जुळवली, पुन्हा मोजले. वजन आठपट निघाले.

केवळाबाई प्रयोगशाळेत आली. माझ्यातून बराच वेळ पाहत राहिली.

"एवढंसं हाय गं. यानं मारले माझे मासे?"

"न्हाई माय. मी मोजायला चुकले."

सर शेजारीच उभे होते.

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हात जोडणार नाही. माझ्यातून पाहून तुम्ही जे सांगता, त्यावर विसंबून कुणीतरी पंप न लावता झोपते. सांगण्याआधी पट्टी जुळवा.