चौकीचा जिना

बुधवारी सकाळी माझी न् माझ्या दिराची चांगलीच जुंपली. आमची पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून आम्ही दोघंच चालवतो. बाहेरच्या भिंतीवर काळा फळा आहे, त्यावर दीर रोज गावची बातमी लिहितो. टँकर कधी येणार, कुणाची गाय हरवली, असलंच. दळण टाकायला आलेलं माणूस वाचतं, घरी जाऊन सांगतं. त्या दिवशी त्यानं लिहिलं होतं, 'चौकशीला नेलेला मेंढपाळ चौकीच्या जिन्यावरून पडून मेला, असं पोलीस म्हणतात. चौकीला जिना नाही.'

"पूस आधी ते!" मी ओरडले. "हाताला खाज सुटलीय का तुझ्या?"

"यात खोटं काय ते सांग वहिनी, लगेच पुसतो."

खोटं काय असणार, कपाळ! चौकी म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पण खरं होतं म्हणूनच तर पुसायला हवं होतं. हा पोरगा माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय.

दुपारी असा वारा सुटला की रानातली माती पार जात्यापर्यंत आली. त्या धुळीतनंच जीप आली. फौजदार उतरला, मागं आमच्याच गावात राहणारा हवालदार. फौजदार अगदी गोड बोलला, तेच वाईट.

"चूक झाली म्हणून खाली लिहून टाका. विषय संपला."

"साहेब, जिना दाखवा. लगेच लिहितो."

फौजदार हसला. "चला की. दाखवतो."

दिराला घेऊन जीप गेली तशी मी ओल्या फडक्यानं फळा पुसला. वाटलं, पुसलेला बघून सोडतील. माझी मेलीची अक्कल! संध्याकाळी जेवण घेऊन गेले तर हवालदारानं दारातनंच परत धाडलं. "चौकशी चालूय, ताई." मेंढपाळाच्या बायकोलाही त्यानं हेच सांगितलं होतं.

आमच्याकडं दळणाच्या डब्याच्या झाकणावर खडूनं नाव लिहायची पद्धत आहे. सकाळी दार उघडते तर वीस-पंचवीस डबे ओळीनं मांडलेले, अन् एकावरही नाव नाही. झाकणाझाकणावर एकच लिहिलेलं, 'चौकीला जिना नाही'. मला रडूच फुटलं.

तासाभरात फौजदार हजर. "कुणाचे डबे हे?"

"नाव कुठंय साहेब त्यावर?" मी म्हटलं. मला तर पोच्यावरनं, कडीवरनं प्रत्येक डबा ओळखू येतो.

त्यानं एक डबा लाथेनं उडवला. गहू मातीत सांडला. दुसरा हवालदारापुढं धरला. "गावातला ना तू? हा कुणाचा?"

लाल तारेची कडी होती त्याला. हवालदाराच्या घरचाच डबा. त्यानं झाकण वाचलं, कडी बघितली.

"माहीत नाही साहेब."

जीप निघून गेली. मी गिरणी सुरू केली, अन् खरं सांगते, हसत हसत सुरू केली. म्हटलं, आता अख्खं गाव बोलतंय, आता कशाला ठेवतील त्याला आत.

मग गवंडी आला. हातात डबा नव्हता.

"वहिनी, चौकीवर काम निघालंय. विटा येऊन पडल्यात. आजच्या आज पाहिजे म्हणतात."

"कसलं काम?"

"जिना." तो खाली बघत म्हणाला. "वर काहीच नाही. पत्र्यापर्यंत नेऊन सोडायचाय."

मी पट्टा बंद केला. "आत कोण दिसलं?"

"दिसलं नाही. पण खोकला ऐकू आला. गिरणीतला खोकला, मी ओळखतो ना."

मला लिहायचं वळण नाही. तरी खडू घेतला अन् फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चौकीला आज जिना बांधतायत. माझा दीर आत आहे. तो जिवंत आहे.'

बातमीखाली तारीख टाकायची असते, दीर नेहमी सांगतो. मी तारीख टाकली. मग घड्याळ बघून वेळही टाकली.