पोकळ काड्यांतल्या माश्या

वालूरच्या दैवशालाच्या डाळिंबाला फुलं लय यायची, पण फळ न धरताच गळायची. पोळं न करता पोकळ काडीत एकेकटी राहणारी माशी तिनं बांधावर पाहिली होती. तिनं बोरूच्या काड्यांच्या मोळ्या झाडांना टांगल्या आणि फुलांवर फवारणी बंद केली.

"माश्यायला घरं बांधायलीस व्हय?" सासरे सटवाजी हसले.

"राहू द्या मामा. फुलांवर त्याच बसायल्यात. त्या बसल्या तरच फळ धरंल."

हळूहळू माश्यांनी काड्यांत अंडी घालून त्यांची तोंडं हिरव्या पानांच्या तुकड्यांनी बुजवली. औंदा फांद्या फळांनी वाकल्या. पाथरीहून शेतकरी बाग बघायला आले, तेव्हा सटवाजीच पुढं झाले. "मोळ्यायला हात लावू नका. आमच्या सूनबाईच्या माश्या हायेत!"

दैवशाला ताठ मानेनं पाहुण्यांना मोळी बांधून दाखवू लागली.