परत येण्याचं कारण

नागनाथने एक हात मीनाबाईच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, मनातल्या मनात तीनपर्यंत मोजलं आणि तिला भिंतीकडे वळवलं. पाठीशी उशी खोचली. पाय एकमेकांवर घासू नयेत म्हणून गुडघ्यांमध्ये जुन्या चादरीची घडी ठेवली. मग टेबलाशी येऊन त्याने वही मागच्या बाजूने उघडली.

मागून

सहा वाजता, खिडकीकडे.
आठ, पाठीवर.
दहा, भिंतीकडे. टाचेवर लाल डाग. पावडर.
बारा, खिडकीकडे. पेज अर्धी वाटी. बाकीची नको म्हणाली.
दोन, भिंतीकडे.

ही अकरावी वही. मीनाबाईची डावी बाजू गेली त्याला चार वर्षं झाली. पहिल्या दहा वह्यांत दुसरं काही नव्हतं. ही मात्र त्याने उलटी करून पुढूनही सुरू केली होती.

पुढून

दिवस चौथा. नॅक्सॉस बेट. समुद्राकाठी संगमरवरी दरवाजा, अडीच हजार वर्षांचा. नुसती चौकट उभी. मागे देऊळ नाही, काहीच नाही. सूर्यास्त सहा चाळीस. तासभर आधी पोचायचं. सूर्य चौकटीत येईपर्यंत थांबायचं. माणूस फ्रेममध्ये नको.

(सहा चाळीस म्हणजे इथे नऊ दहा. हे त्याने समासात लिहिलं होतं आणि खोडलं होतं.)

दिवस अकरावा. अथेन्स. पहाटे मासळीबाजार. पन्नासची लेन्स पुरे.

दिवस बारावा.

बाराव्या दिवसापुढे काही नव्हतं.

"ग्रीसात हाय का सोलापुरात?" मीनाबाई भिंतीला म्हणाली.

"इथंच हाय."

"तिकडं बी कुणाचं तरी लगीन असंल बगा. तीस वर्सं लोकांच्या लग्नाचं फोटू काडलं, तितं एक फुकटात काडा. जेवायला तर घालतील."

"माणसंच काढायची न्हाईत तिकडं."

"व्हय, आता कट्टाळा आला की माणसांचा." ती हसली. हसताना तिचा एकच खांदा हलायचा. "केम गावाहून माझी ताई तुमच्या जागी येणार म्हणजे बारा दिवस उशाशी तंबाकू मळायची. तुमी सुटला."

नागनाथने टोपण काढलं, परत लावलं.

फोन वाजला. त्याने सवयीने स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. मीनाबाईचं करताना हात मोकळे लागायचे, तेव्हापासूनची सवय. नवी पेठेतल्या ट्रॅव्हल ऑफिसातली रुपाली बोलत होती.

"काका, व्हिसाचे कागद सगळे लागले. अर्जासोबतच्या पत्राचा शेवटचा पॅरा तेवढा राहिलाय. तुम्ही परत येणार कशावरून, ते लिहा. मराठीत पाठवा, मी इंग्लिश करते."

"परतीचं तिकीट हाय की."

"तिकिटाला कोण विचारतंय काका. लोक जातात आणि तिकडंच गायब होतात. इथं आपलं काहीतरी अडकलंय, असं दिसायला पाहिजे." ती थांबली. "काकूंचंच लिहा की. घरात असं माणूस असलं की पटतं त्यांना लगेच."

"बघतो."

"पाचच्या आत पाठवा हं. उद्या फाइल जमा करायचीय."

फोन बंद झाला. त्याने वही मधोमध उघडली. पुढून आलेली आणि मागून आलेली पानं संपून मध्ये थोडी कोरी उरली होती.

मधलं पान

मी परत येईन, कारण सोलापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे.

खोडलं. स्टुडिओत आता मोबाइलची कव्हरं मिळत होती.

मी परत येईन, कारण माझा मुलगा

खोडलं. दिपक पुण्यात होता. रविवारी फोन करायचा. मागच्या रविवारी राहिला.

मी परत येईन, कारण माझी पत्नी

इथे पेन थांबला. पुढचे शब्द सोपे होते. ते त्याने दवाखान्यात, रेशन दुकानात, अपंगाच्या दाखल्यासाठी कितीदा लिहून दिले होते. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. आवाज वळणापलीकडे विरेपर्यंत नागनाथ तसाच बसला. मग त्याने ते पान हळूच, आवाज न करता फाडलं, चौघडी करून खिशात घातलं आणि नव्या पानावर एका दमात लिहिलं:

मी परत येईन, कारण मी जन्मापासून सोलापूरचा आहे. माझं घर इथे आहे. या वयात दुसरीकडे राहण्याची मला सवय नाही.

त्याने ते वाचलं. खोटं काही नव्हतं. मीनाबाई कुठेच नव्हती.

"ती पोरगी म्हनली, काकूंचं लिवा."

तो दचकला. "ऐकलंस व्हय?"

"भिंतीकडं तोंड हाय, कान न्हाय." थोड्या वेळाने तिने विचारलं, "लिवलं?"

तिच्या मानेवर घामाने केस चिकटले होते. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "लिवलं."

"काय लिवलं?"

"लिवलंय की. बायको आजारी हाय. तिला माझ्याबिगर कोण न्हाय."

तिचा चांगला हात भिंतीवर टेकला होता, त्याची बोटं गिलाव्यावरून एकदा वर गेली, खाली आली.

"खोडा ते."

"कशाला?"

"खोडा म्हनते ना. यायचं तर माणूस येतंय. न्हाई यायचं तर न्हाई. सायबाच्या कागदावर मला कशाला बांदताय तुमच्या पायात?"

"मीना."

"खोडा. मला ऐकू येतंय."

नागनाथने पेन उचलला. तीन वाक्यांखाली पान मोकळं होतं. त्या मोकळ्या जागेवर त्याने पेन टेकवला आणि दाबून आडवी रेघ ओढली. खरखर खोलीभर ऐकू आली.

"खोडलं?"

"हां."

"दोनदा खोडा. वाचाय याय नको."

त्याने त्याच कोऱ्या जागेवर आणखी एक रेघ ओढली.